मलमाचा डोस

मास्क लावूनही रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा पंच्याऐंशीच्या वर सरकत नव्हता.

"प्रोब बदलून पाहिला?" मी विचारलं.

"पायाला लावला, हाताला लावला, दुसऱ्या मशीनचा आणून लावला," शबाना सिस्टर म्हणाल्या. "माझ्या बोटाला लावला तर अठ्ठ्याण्णव दाखवतो. मशीन चांगलं आहे मॅडम."

टेबलावर चौदा महिन्यांची एक मुलगी होती. नाव स्वरा. ओठ राखाडी-जांभळे, नखंही तशीच. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. शेजारी तिची आई कोमल भिंतीला चिकटून उभी. वय फार तर बावीस. तिच्या पुढ्यात स्वराची आजी जमिनीवर बसलेली आणि तोंडाला पदर लावून "माय माय" करणारी.

मी भूलतज्ज्ञ आहे. ऑपरेशनच्या आधी पेशंटला भूल द्यायची आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास, नाडी, रक्तदाब सांभाळायचा, हे माझं काम. बीड जिल्ह्यात आमच्यातले बरेच जण एका हॉस्पिटलचे नसतात. गाडीत बॅग तयार ठेवायची आणि बोलावणं येईल तिकडे जायचं. सकाळी बीड, दुपारी वडवणी, तिथून कधी माजलगाव. त्या दिवशी मी डॉ. काळे यांच्या मुलांच्या हॉस्पिटलात वरच्या मजल्यावर एक हर्नियाची केस संपवून जिना उतरत होते. खालून सिस्टरांची हाक आली आणि मी थेट या खोलीत शिरले.

डॉ. काळे हॉस्पिटलचे मालक आणि बालरोगतज्ज्ञ. माणूस अनुभवी, पण त्या क्षणी कपाळावर घाम होता.

"छाती एकदम क्लिअर आहे मॅडम. हार्टला मर्मर, म्हणजे जादा आवाज, नाही. काही गिळलंय का म्हणून घसा बघितला, काही नाही. मला वाटतंय जन्मजात हृदयाचं काही तरी लपलेलं असणार. अँब्युलन्सला फोन केलाय. संभाजीनगरला पाठवून देतो."

मी मुलीकडे बघत होते. काही तरी जुळत नव्हतं. ज्या मुलाला हवा कमी पडते ते मूल धडपडतं. नाकपुड्या फुलतात, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाते, डोळ्यांत भीती दिसते. स्वराचं तसं काहीच नव्हतं. श्वास थोडा जलद, नाडी बरीच जलद, पण धडपड नाही. सुस्त पडली होती. सिस्टरांनी तळपायाला टिचकी मारली तर कुरकुरली आणि पुन्हा डोळे मिटले. हवा आत जात होती आणि तरी लेकरू निळं होत होतं.

"आणलं कशासाठी होतं हिला?" मी विचारलं.

"माझ्याकडे नाही," काळे म्हणाले. "निकमांकडे. स्किनचं."

डॉ. निकम त्वचारोगतज्ज्ञ. आठवड्यातून दोन दिवस काळेंकडे बसायचे. बाहेरच्या बाकावर त्यांच्या नंबरची वाट बघत असताना पोरगी निळी पडली होती आणि कोणी तरी उचलून तिला आत आणलं होतं.

मी स्वराचा फ्रॉक वर केला.

पोटावर प्लास्टिक होतं. दुकानातली कॅरीबॅग कापून गुंडाळलेली, वरून ओढणीची पट्टी बांधलेली. दोन्ही मांड्यांवर तसंच. दंडांवर तसंच. मी एक कड उचलली. खाली पांढऱ्या मलमाचा जाड थर होता.

"हे काय आहे कोमल?"

आजीनंच उत्तर दिलं. "सुन्न करायचं मलम हाय ते. म्या म्हणलं व्हतं हिला, एवढं कावून थापतीस? भिंतीला गिलावा केल्यावानी लावलं हिनं!"

"सिस्टर, सगळं काढा. आधी पुसून घ्या, मग साबण-पाण्यानं धुवा. काखा, मांड्यांचे सांधे, सगळीकडे बघा. एक ठिपका राहता कामा नये."

सिस्टर आणि मी दोघी भिडलो. पुसता पुसता मी कोमलला विचारत राहिले. आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसाला ओरडून विचारलं की तो खरं सांगत नाही, बरं वाटेल ते सांगतो.

"किती लावलंस?"

"ट्यूब." तिनं पिशवीतून काढून दाखवली. मोठी ट्यूब होती, तीस ग्रॅमची. टोकापासून गुंडाळत आणून पूर्ण पिळलेली. टूथपेस्ट संपत आल्यावर आपण करतो तशी.

"कधी लावलंस?"

"सकाळी, घरून निगायच्या आदी. डॉक्टरनं सांगितलतं, घरूनच लावून या. भरपूर लावा, वरून प्लास्टिक बांधा म्हणले. येष्टी आलीच न्हाई म्याडम. मग जीपनं वडवणीला आलो, तिथून दुसरी गाडी. हितं आलो तर नंबर लई मागं. इचारलं बी मी, काढू का म्हणून. बाहेर म्हणले ऱ्हाऊ द्या, आता येईलच नंबर."

जेवणाची वेळ उलटून गेली होती. म्हणजे सकाळपासून हे मलम पोरीच्या अंगात मुरत होतं.

बाकीची हकिगत तुकड्या-तुकड्यांनी कळली. स्वराच्या अंगावर मोत्याएवढे, पांढरट, चमकणारे दाणे आले होते. मोलस्कम म्हणतात त्याला. विषाणूमुळे होतो, मुलांमध्ये सर्रास दिसतो, जिवाला धोका नाही. पण खाजवलं की पसरतो. आणि स्वराची कातडी मुळातच कोरडी, खाजरी, जागोजागी ओरखडलेली. निकमांनी पहिल्या खेपेला चार-पाच दाणे खरवडून काढले तेव्हा मुलीनं हॉस्पिटल डोक्यावर घेतलं होतं. उरलेले तीन खेपांत काढू, असं ते म्हणाले. कोमलनं हात जोडले. तिचं घर ऊसतोडीला जाणारं. टोळी आठवडाभरात कारखान्याकडे निघणार होती, ती परत येणार थेट उन्हाळ्यात. फडावर, पाल ठोकून राहताना, पाचटात लोळणारं लेकरू आणि अंगावर हे दाणे. म्हणून एकाच वेळी सगळे काढा. निकमांना दया आली आणि त्यांनी होकार दिला. रडू नये म्हणून मलम भरपूर लावून आणा, असंही सांगितलं.

इथे थोडं थांबून या मलमाबद्दल सांगते.

कातडी बधिर करायची मलमं आणि जेल हल्ली सगळीकडे असतात. लघवीची नळी घालताना, टाके घालताना, दातांच्या डॉक्टरकडे, लेसरवाल्या पार्लरमध्ये. लोक त्याला सरसकट 'नंबिंगचं जेल' म्हणतात. स्वराला लावलेल्या मलमात दोन औषधं एकत्र होती, लिग्नोकेन आणि प्रायलोकेन. दोन्ही कामाची आणि मापात वापरली तर सुरक्षित. पण कातडी म्हणजे काही काचेची बरणी नाही. लावलेलं थोडं थोडं आत उतरतं आणि रक्तात जातं. किती उतरेल हे चार गोष्टींवर ठरतं. किती लावलं, किती जागेवर लावलं, किती वेळ ठेवलं आणि कातडी शाबूत आहे की ओरखडलेली. वरून प्लास्टिक बांधलं की आणखी जोरात उतरतं. आणि उतरलेलं औषध पेलणारं शरीर केवढं आहे, हा पाचवा हिशेब.

स्वराच्या बाबतीत पाचही हिशेब चुकले होते.

प्रायलोकेन जास्त झालं की रक्तातल्या हिमोग्लोबिनचं रूप बदलतं. ऑक्सिजन वाहून न्यायचं काम हिमोग्लोबिनचं. रूप बदललं की ते रक्तात असतं, फिरतं, पण ऑक्सिजन घेत नाही. एसटी फलाटाला लागलेली आहे, पण दार आतून अडकलंय, अशी गत. बाहेर कितीही प्रवासी उभे करा, एकही आत चढणार नाही. म्हणून मास्कमधून कितीही ऑक्सिजन सोडला तरी आकडा पंच्याऐंशीलाच अडतो. याला मेटहिमोग्लोबिन म्हणतात. मी पुस्तकात वाचलेलं होतं, एका परिषदेत ऐकलेलं होतं. समोर टेबलावर पहिल्यांदाच बघत होते.

"काळे सर, हे हार्ट नाहीये."

"कशावरून?"

सिस्टरांनी सलाइनची सुई लावतानाच मी सिरिंजमध्ये थोडं रक्त घेतलं होतं. पांढऱ्या गॉजवर त्याचा एक थेंब टाकला. मग लॅन्सेट घेऊन स्वतःचं बोट टोचलं आणि शेजारी माझा थेंब टाकला.

माझा लाल होता. स्वराचा तपकिरी. काकवीसारखा.

मी गॉज हलवून हवा दिली. साधं निळसर रक्त असतं तर हवेनं लाल झालं असतं. हा थेंब काकवीचा काकवीच राहिला. काळेंनी गॉज खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला होता.

"मिथिलीन ब्लू," ते म्हणाले.

"हो. आहे आपल्याकडे?"

"नाही. कधी लागलंच नाही."

मिथिलीन ब्लू म्हणजे एक निळा रंगच. शिरेतून योग्य मापात दिला की ते बदललेलं हिमोग्लोबिन पुन्हा कामाचं करतो. खालच्या मेडिकलमध्ये विचारलं, नाही. त्यांनी दोन ठिकाणी फोन केले, तिथेही नाही. तेवढ्यात बाहेर अँब्युलन्स येऊन लागली.

काळे माझ्याकडे वळले. "मॅडम, निदान झालंय ना? मग संभाजीनगरला फोन करून सांगतो, ते औषध तयार ठेवतील. आपण पाठवू."

"किती वेळ लागेल?"

"अडीच तास. रस्ता मोकळा असला तर."

"मलम आत्ता धुतलंय, पण कातडीत मुरलेलं अजून उतरतच राहणार. आकडा आणखी खाली जाईल. आत्ता सुस्त आहे, वाटेत झटके आले तर गाडीत काय करणार?"

"आणि इथं औषधच नसेल तर इथं तरी काय करणार?"

प्रश्न रास्त होता. मी म्हणाले, "मला थोडा वेळ द्या. तोवर गाडी दारातच उभी राहू दे. औषध मिळालं नाही तर मी स्वतः गाडीत बसून जाते."

तेवढ्यात लॅबवाल्यानं दारातून डोकं आत घातलं. त्याला बातमी पोहोचली होती. "मॅडम, मिथिलीन ब्लू माझ्याकडे आहे की! बाटली भरून आहे."

"ती स्लाइड रंगवायची बाटली. नको."

"नाव तेच आहे मॅडम."

"नाव तेच, पण ते काचेवर टाकायचं आहे. शिरेत द्यायचं वेगळं असतं, निर्जंतुक केलेलं. नको म्हणजे नको."

हातातोंडाशी आलेलं औषध परत पाठवणं सोपं नसतं, पण ते दिलं असतं तर एक संकट निस्तरायला दुसरं घरात घेतल्यासारखं झालं असतं.

मग मला आठवलं. माझ्या ओळखीचे एक सर्जन भगंदराची ऑपरेशनं करतात. भगंदराची वाट आत कुठवर गेली आहे हे बघायला हाच रंग वापरतात. त्यांच्या ऑपरेशन थिएटरला फोन लावला. सर्जन ऑपरेशनमध्ये होते, तिथल्या सिस्टरांनी उचलला.

"इंजेक्शनचा अँप्यूल हवाय. लेबल वाचून दाखवा मला. एक टक्का लिहिलंय? शिरेतून द्यायचं लिहिलंय? एक्स्पायरी?"

सगळं ठीक होतं. दोन अँप्यूल होते.

आणायला कोण जाणार म्हणून मी दाराकडे वळले, तर डॉ. निकम तिथे उभे होते. ते कधी आले मला कळलं नव्हतं. तरुण डॉक्टर, हुशार, हात हलका. चेहरा पार उतरलेला.

"मॅडम, लावायचं मलम आहे हो. लावायच्या मलमानं असं कसं..."

"नंतर बोलू. बाहेर मोटारसायकल तुमचीच ना? अँप्यूल घेऊन या."

ते पळालेच.

ते येईपर्यंत दोन कामं होती. पहिलं वजन. डोस किलोवर ठरतो. सिस्टर म्हणाल्या, दहा किलो धरलंय. "धरलंय म्हणजे? केलंय की धरलंय?" वय बघून धरलं होतं. आम्ही मास्कसकट मुलीला उचलून काट्यावर ठेवलं. सात किलो चारशे. चौदा महिन्यांच्या मानानं फार कमी. मलमाचंही असंच झालं असणार. वय बघितलं तर वर्षावरच्या मुलाला दहा ग्रॅमपर्यंत चालतं, पण ते मूल दहा किलोच्या वर असेल तर. एवढ्याशा वजनाला दोनच ग्रॅम. हिला लागले होते तीस.

दुसरं काम घरच्यांना एक प्रश्न विचारायचं. काही घराण्यांत जन्मापासून एक एन्झाइम कमी असतं. त्यांना मिथिलीन ब्लू किंवा हिवतापाच्या काही गोळ्या दिल्या तर रक्तपेशी फुटतात. तपासणी करायला वेळ नव्हता.

"आजी, तुमच्या घरात किंवा कोमलच्या माहेरी कोणाला हिवतापाच्या गोळ्यांनी कावीळ झाली होती का? लाल, काळी लघवी झाली होती?"

आजीनं डोळे पुसले आणि खरोखर विचार केला. "न्हाई बाई. आमच्यात न्हाई. हिच्या माहेरी बी ऐकलं न्हाई." कोमलनंही मान हलवली.

निकम आले. आल्या आल्या अँप्यूल माझ्या हातात दिला. मी लेबल वाचलं, काळेंना वाचायला दिलं, सिस्टरांना वाचायला दिलं. किलोला एक मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या आत. एवढ्या औषधाला सिरिंजमध्ये एक मिलिलिटरसुद्धा भरत नाही. ग्लुकोजच्या पाण्यात मिसळून मी ते हळूहळू द्यायला घेतलं. नळीतून निळीसारखं पाणी पोरीच्या हातात जाताना बघून आजी उठून उभी राहिली.

"एक सांगून ठेवते," मी सगळ्यांना म्हणाले. "आता आकडा आणखी खाली जाईल. घाबरू नका. मशीन रंगावरून आकडा काढतं. रक्तात निळा रंग गेला की मशीन फसतं. मुलीकडे बघा, आकड्याकडे नको."

सांगणं वेगळं आणि बघणं वेगळं. आकडा ऐंशीच्या खाली आला. मग पंचाहत्तर. मग अडुसष्ट. मशीन किंचाळायला लागलं.

"मॅडम!" काळे म्हणाले.

"दिसतंय मला."

"मॅडम, थांबवा."

"सर, नाडी बघा. नाडी चांगली आहे. श्वास चालू आहे. मी थांबवणार नाही."

माझा हात सिरिंजवर होता आणि तो स्थिर होता, हे मला आजही आठवतं. आतून मी काही स्थिर नव्हते. पण ज्या गोष्टीची खात्री करून घेतली आहे तिच्यापासून केवळ मशीन ओरडतंय म्हणून मागे फिरायचं नाही, हे मी माझ्या धंद्यात शिकले आहे. मी शेवटचा थेंब जाईपर्यंत दिलं आणि स्वराच्या खालच्या ओठाकडे बघत राहिले.

आधी कोमलला दिसलं. "म्याडम, व्हट..." एवढंच ती म्हणाली.

ओठाची कड गुलाबी होत होती. पानाला आतून रंग यावा तशी. मग नखं. मग स्वरानं तोंडावरचा मास्क हातानं ढकलला, आईकडे बघितलं आणि मोठ्यानं भोकाड पसरलं. त्या खोलीत तेवढा गोड आवाज आधी कधी झाला नसेल. आकडाही चढत गेला. नव्वद, चौऱ्याण्णव, आणि अर्ध्या-पाऊण तासानं सत्त्याण्णव.

निकमांचा जीव खाली-वर होत होता. "मॅडम, दुसरा अँप्यूल आहे ना. अजून थोडं देऊन टाकू. रिस्क नको."

"नाही."

"पण सत्त्याण्णवच आहे."

"डॉक्टर, हे औषध जास्त झालं तर हेच औषध हिमोग्लोबिन बिघडवतं. आत्ता कुठून बाहेर पडलोय, विसरलात?"

दुसरा अँप्यूल मी टेबलावर तसाच ठेवला. पुन्हा आकडा उतरला असता तर लागला असता. तो लागला नाही. अँब्युलन्सही रिकामी परत गेली.

संध्याकाळी मात्र वॉर्डातून आरोळी आली. "म्याडम, पळा! पोरगी हिरवं मुतली!" मी हे आधीच सांगून ठेवायला हवं होतं, पण गडबडीत राहून गेलं. औषधाचा रंग लघवीतून जातो. आजीला समजावलं तेव्हा ती म्हणाली, "दुपारी निळी झाली, आता हिरवी झाली. उद्याच्याला अजून कोणता रंग हाय ते आत्ताच सांगा."

दुसऱ्या दिवशी स्वरा पलंगावर बसून बिस्कीट खात होती. आणि दुसऱ्या दिवशीच तिचा बाप आला. त्याच्या कानाला फोन होता आणि फोनवर टोळीचा मुकादम.

"म्याडम, आजच्याला सोडा. उद्या सकाळी गाडी निगतीय. मुकादम म्हणतोय कोयता कमी पडला तर मी काय करू." तिथे नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. जोडी फुटली की टोळीचं काम अडतं.

"मी अजून एक दिवस सोडणार नाही. कातडीतून पुन्हा उतरतंय का ते बघायचंय. फोन द्या इकडे."

मुकादम आधी तावात होता. "अहो म्याडम, मलम लावलं म्हणून कुणी हॉस्पिटलात ऱ्हातं का?"

"काल ही पोरगी मरत होती. उद्या गाडीत पुन्हा निळी पडली तर तुम्ही काय कराल? गाडी कुठं थांबवाल?"

"मग कदी पाठवता?" त्यानं विचारलं.

"दोन दिवसांनी पाठवते तिघांना. तुमच्या गाडीनं नाही तर एसटीनं येतील. चालेल?"

"चालंल म्याडम," तो म्हणाला. आवाज उतरला होता. "लेकरू बरं हाय ना आता?"

बापानं फोन खिशात ठेवला आणि बायकोवर वळला. "सगळी ट्यूब कावून लावली गं तू? अक्कल हाय का न्हाई?" आजीनं री ओढली. कोमल खाली मान घालून पोरीच्या तोंडावरचा बिस्किटाचा चुरा पुसत राहिली. आदल्या दिवसापासून ती हे ऐकत होती आणि आयुष्यभर ऐकणार होती, हे मला स्पष्ट दिसलं. पुढे पोरगी शाळेत मागे पडली तरी घरात त्या ट्यूबचाच विषय निघाला असता.

मी खाली निकमांच्या खोलीत गेले. काळेही तिथेच होते.

"तुम्ही दोघं वर चला," मी म्हणाले. "त्या बाईला सांगा की तिची चूक नव्हती."

निकम म्हणाले, "मी भरपूर म्हणालो म्हणजे इतकं..."

"भरपूर म्हणजे किती? तुमच्या मनात किती होतं?"

त्यांना सांगता येईना.

"तुम्हाला सांगता येत नाही, तर तिनं कसं ओळखायचं? तुम्ही सांगितलं तसं तिनं मन लावून केलं. आपलं लेकरू रडू नये म्हणून शेवटचा थेंबसुद्धा पिळला. काढू का म्हणून विचारलंसुद्धा. तिला नको म्हणून आपल्याच माणसांनी सांगितलं."

काळे अस्वस्थ झाले. "मॅडम, असं पेशंटसमोर कबूल करायचं म्हणजे... उद्या ते काही करतील. गावातले पुढारी येतील, मोर्चा आणतील."

"येऊ देत. पोरगी वाचली आहे, तेव्हा तोंड उघडता येतंय. ती गेली असती तर काय सांगितलं असतं तुम्ही? जन्मजात हृदयाचं काही तरी होतं म्हणून?"

हे जरा लागलं त्यांना. लागावं म्हणूनच बोलले होते.

निकम उठले. एकटेच पायऱ्या चढून गेले. मी मागून गेले, पण दारातच थांबले. पलंगापाशी उभं राहून ते आधी घुटमळले. मग बापाला म्हणाले, "तुमच्या मिसेसनी काही चुकीचं केलं नाही. मी नीट सांगितलं नाही. किती लावायचं, कुठं लावायचं, कधी पुसायचं, हे सांगायचं काम माझं होतं. चूक माझी आहे. त्यांना बोलू नका."

बाप गोंधळून बघत राहिला. डॉक्टरनं चूक झाली म्हणावं हे त्यानं कधी ऐकलं नसावं. आजी मात्र पटकन म्हणाली, "बरं झालं बाबा सांगितलं. उगं बोलले मी सुनंला." कोमलनं पहिल्यांदा मान वर केली. रडली नाही. निकमांना म्हणाली, "डॉक्टरसाहेब, मग पुढच्या बारीला किती लावायचं ते बोटावर घेऊन दाखवा मला."

त्यावर निकम तिथेच खुर्ची ओढून बसले आणि त्यांनी दाखवलं.

माझं काम अजून संपलं नव्हतं. त्याच आठवड्यात मी काळेंना भेटले. म्हटलं, यापुढे बधिर करायचं मलम लावून कोणी घरून या हॉस्पिटलात येणार नाही. इथे लावायचं. आधी वजन, काट्यावर. मग ज्या जागेचे दाणे काढायचे तेवढ्याच जागेभोवती पेननं गोल. तेवढ्यातच मलम, सिस्टरांनी मोजून दिलेलं. ओरखडलेल्या कातडीवर वेळ कमी. पुसायची वेळ झाली की पुसायचं, मग डॉक्टर रिकामे असोत नसोत.

"मॅडम, अहो बसायला जागा नाही ओपीडीत. मलम लावून तास-तासभर मुलं बसवून ठेवायची कुठं?"

"वरच्या मजल्यावर, रिकव्हरीच्या खोलीत."

"आणि निकमांचे पेशंट कमी होतील."

"होतील. एका दिवसात निम्मेच होतील."

"मग कसं परवडेल?"

"ते तुम्ही बघा. पण हे झालं नाही तर मी तुमच्याकडे भूल द्यायला येणार नाही. आणि का येत नाही, हे मला कोणी विचारलं तर सांगेन."

ते हसले. मग त्यांना कळलं की मी हसत नाहीये. दोन दिवस त्यांचा फोन आला नाही. तिसऱ्या दिवशी सिस्टरांचा आला. "मॅडम, लहान वजनकाटा नवीन आणलाय सरांनी. निकम सर सकाळपासून पेननं गोल काढत बसलेत."

स्वराचं कुटुंब ठरल्याप्रमाणे दोन दिवसांनी एसटीनं गेलं. दाणे न काढताच. निकमांनी फक्त अंगाला लावायचं साधं तेलकट मलम दिलं, कोरडी कातडी फाटू नये म्हणून, आणि नखं कापत राहा म्हणून सांगितलं. उन्हाळ्यात ते परतले तेव्हा कोमल स्वराला घेऊन दाखवायला आली. पोरगी चालत आली, माझ्या गळ्यातला स्टेथोस्कोप ओढून गेली. दाण्यांपैकी तीन-चारच उरले होते. बाकीचे आपोआप गेले होते. मोलस्कम बहुतेक वेळा तसा जातो. आधी थोडा धीर धरला असता तर एकही दाणा खरवडावा लागला नसता.

आता कोणत्याही क्लिनिकमध्ये, पार्लरमध्ये, डेंटिस्टकडे कोणी मला विचारलं की जेल किती लावायचं, तर मी आधी एकच प्रश्न विचारते, वजन किती? पुष्कळ जण हसतात. लावायच्या औषधाला वजन कशाला, म्हणतात. मग मी कातडीबद्दल सांगते, वेळेबद्दल सांगते, प्लास्टिकबद्दल सांगते. कंटाळतात लोक. कंटाळू देत. 'भरपूर', 'थोडंसं', 'अंदाजे' हे शब्द भाजीत मीठ घालताना ठीक आहेत. औषधाच्या बाबतीत हे शब्द ज्यानं वापरले, त्यानं डोस सांगितलाच नाही असं समजावं आणि खुर्चीतून न उठता पुन्हा विचारावं.